थापेच्या आधीचा उजेड

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणी काय व्हायचं ते ठरतं आणि पुढे रात्रभर संवाद जागच्या जागी सुचत जातात. मीडिया टेक्नॉलॉजी शिकून प्रायोगिक नाटक करायला लागले तेव्हापासून मला याचंच वेड आहे. आपल्या रंगमंचावर प्रकाश म्हणजे क्यूंची यादी: या वाक्याला हा दिवा, त्या वाक्याला ब्लॅकआउट. जिथे वाक्यच ठरलेलं नाही तिथे यादी कशाला धरणार? म्हणून वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात, उजेड मृदुंगाच्या ताब्यात द्यायचा घाट आम्ही घातला होता.

कल्पना जुनी आहे. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी टेनिसच्या रॅकेटमध्ये मायक्रोफोन बसवले होते. प्रत्येक टोला घुमायचा आणि एकेक दिवा विझायचा, पार काळोख होईपर्यंत.

मृदुंगाच्या खोडाला मी पिझोची, म्हणजे कंपनं टिपून त्यांची वीज करणारी, चकती चिकटवली. मृदुंगवाले अण्णा डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या चामड्याला, कणीक थापत होते. हवा खारी, दमट; चामडं सैल पडलेलं. कणीक चिमूटभर वाढवली की आवाज खाली जायचा आणि माझ्या लॅपटॉपवरची रेघ बदलायची. त्यांचं जुळलं की मग मी माझं जुळवायचं.

थाप पडली, मागच्या पांढऱ्या पडद्यावर उजेडाची लाट उठली. मंडळी खूश. अण्णांनी थोडं वाजवलं आणि हात थांबवला.

"तुझो उजेड माझ्या थापेच्या मागसून येता गो."

खरंच येत होता. लॅपटॉप आवाजाचे २५६ नमुने साठवून मग पुढे देतो. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराने ते जेमतेम ५ मिलिसेकंद. खरा उशीर प्रोजेक्टरचा. तो सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला जवळजवळ १७ मिलिसेकंद, आणि चित्र 'सुधारण्याच्या' नादात दोन-तीन चित्रं मागे राहतो. १० मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला हे कळणारही नाही. आवाजालाच तिथवर पोचायला २९ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे थाप आणि उजेड त्याच्याकडे जवळपास जोडीने जातात. उशीर जाणवतो तो वाजवणाऱ्याला. प्रेक्षकाला कळत नाही ना, मग सोडून दे, असं सांगणारे तंत्रज्ञ मला पुष्कळ भेटलेत. मला ते कधीच पटलेलं नाही. वाजवणाऱ्याचा हात अडखळला की सगळा खेळच अडखळतो.

प्रोजेक्टरची सगळी सुधारणा बंद केली. फरक पडला, पण अण्णांची मान काही हलेना. शेवटी त्यांनीच डावा हात वर नेऊन दाखवला. "थापेक धरू नको. हात वर गेलो काय तेका धर."

मी बघतच राहिले. भारदस्त थापेसाठी हात उचलला की तो खाली यायला निदान शंभरेक मिलिसेकंद जातात, मला हवे त्याहून जास्त. मोबाइलमध्ये असतो तसला, हालचाल टिपणारा अ‍ॅक्सेलरोमीटर पट्टीने त्यांच्या मनगटाला बांधला, वायर बाहीतून काढली. हात उठला की प्रोग्रामने तयारीला लागायचं आणि थाप कधी पडेल याचा अंदाज धरून उजेड सोडायचा. पुढच्या थापेला दोन्ही एकदम पडले. अण्णांनी नुसतंच "हां" म्हटलं.

संध्याकाळी संकासुराची, म्हणजे दशावतारातल्या विनोदी असुराची, तालीम होती. ऐन समेवर अण्णांनी हात उचलला आणि वाजवलंच नाही. ही हुलकावणी त्यांची जुनीच. पण पट्टीला ती काय कळणार? पडद्यावर उजेड आला, मृदुंग गप्प. काळ्या वेशातला संकासूर गर्रकन वळला आणि उजेडावरच डाफरला, "न बोलावता कित्याक इलंस रे?" अण्णांनी परत हुलकावणी दिली, परत उजेड, संकासूर बाकड्यामागे दडला. एरवी राजाचं सिंहासन होणारं ते बाकडं आता त्याची लपायची जागा झालं. पेटीवाल्यांनीही सूर दाबून धरला. आख्यान कुठल्या कुठे राहिलं आणि तिघांचं हे असं बराच वेळ चाललं. खांबाला टेकून बसलेली गावातली पोरं पोट धरून हसत होती.

प्रोग्राम लिहिणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने रात्री फोनवर विचारलं, खोटा हात ओळखून गाळून टाकू का? नको म्हटलं. तो हात खोटा नाहीच, तोही अण्णांनी वाजवलेलाच आहे.

आता अण्णांना उजव्या मनगटालाही पट्टी हवी आहे, आणि त्या हाताचा उजेड वेगळ्या रंगाचा. पण उजव्या पुडीवर बोटं इतकी जवळून पडतात की उचललेला हात सापडतच नाही. तिथे थापेच्या आधी काय हलतं ते शोधायला पुढच्या आठवड्यात कॅमेरा घेऊन त्यांच्या पडवीत बसणार आहे.