वाळू किती आहे आणि परत किती येते: परभणीच्या गौण खनिज सर्वेक्षणाचा माझा अनुभव

वाळूचा लिलाव निघण्याआधी जिल्ह्याचा एक जाडजूड अहवाल तयार व्हावा लागतो, हे गावाकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. वाळू म्हटलं की लोकांना हायवा, भरारी पथक आणि जाळलेले तराफे आठवतात. त्या सगळ्याच्या मागे जो कागद असतो त्याला कचेरीत सगळे ‘डीएसआर’ म्हणतात, म्हणजे जिल्हा सर्वेक्षण अहवाल. जिल्ह्यात कुठे किती वाळू, मुरूम, दगड आहे, त्यातलं किती काढता येईल आणि कुठे हात लावायचा नाही, हे त्यात लिहायचं. अहवालात जागा नसेल तर त्या जागेला पर्यावरण परवानगी नाही, आणि परवानगी नाही तर लिलाव नाही.

मी भूगर्भशास्त्राची. एका सल्लागार संस्थेत नोकरी करते. परभणी जिल्ह्याचं काम आमच्याकडे आलं तेव्हा नियमांची फाईल आधी समोर आली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागेल. मग १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने हा अहवाल बंधनकारक झाला, २०१८ मध्ये त्याचा नमुना सुधारला, २०२० मध्ये वाळूवर देखरेखीच्या मार्गदर्शक सूचना आल्या. २०२१ मध्ये बिहारच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली: प्रांताधिकारी, जलसंपदा, वन, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि खनिकर्म यांची उपविभागीय समिती प्रत्येक जागेवर प्रत्यक्ष जाईल. टेबलावर बसून अहवाल लिहायचे दिवस त्यानंतर संपायला हवे होते. नमुन्यासाठी म्हणून मी वेगवेगळ्या जिल्ह्यांचे जुने अहवाल वाचले. एकात हवामानाचं प्रकरण चक्क दुसऱ्याच जिल्ह्याचं होतं, समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांसकट.

पहिला वैताग मोजमापाचा. तालुक्यांकडून आलेले सगळे आकडे ब्रासमध्ये, अहवालाचा नमुना मागतो मेट्रिक टन. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. वाळूचा ब्रास साधारण साडेचार टनांचा धरता येतो, पण ओली वाळू वेगळी, कोरडी वेगळी. दगडाचं तर विचारूच नका. डोंगरातला अखंड एक ब्रास दगड फोडला की ढिगात तो एक ब्रास राहत नाही, मधल्या पोकळीमुळे फुगतो. खाणीचं मोजमाप खड्ड्यात केलंय की ढिगात, हे लिहून ठेवायची पद्धतच बऱ्याच ठिकाणी नसते. जिंतूरच्या डोंगराकडच्या खाणींसाठी आम्ही शेवटी खड्डेच मोजले.

मुरूम आणि दगड लवकर आटपतो. काळ्या पाषाणाचा जिल्हा आहे, खडीला तोटा नाही. प्रश्न एवढाच की खाण गावाच्या, शाळेच्या, पाझर तलावाच्या किती जवळ आहे, आणि मुरमासाठी गायरानं किती खरवडली जाणार. नदीचं काम त्याच्या उलट.

उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, सेंटिनलची, दहा मीटरच्या बारकाव्याने. मे महिन्याच्या चित्रात गोदावरी, पूर्णा आणि दुधनाच्या पात्रांत पांढरे पट्टे दिसतात. त्यांवर बोट ठेवून क्षेत्रफळ काढलं की दुपारच्या चहापर्यंत जिल्ह्याची वाळू मोजून होते! प्रत्यक्ष गेल्यावर त्यातले काही पट्टे म्हणजे उघडा खडक निघाले, काहींवर वेडी बाभूळ माजलेली. शिवाय परभणीतली गोदावरी आता वाहती नदी उरलेली नाही. वर पैठणला जायकवाडी, खाली ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे एकापाठोपाठ. बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली वाळू असेलही, पण पाण्यातून उपसा करायचा नाही असा नियम असताना ती मोजून उपयोग काय? आम्ही ती धरलीच नाही. यावर बैठकीत बरीच घासाघीस झाली, कारण धरली असती तर आकडा गुटगुटीत दिसला असता.

समितीला एकत्र जागेवर नेणं म्हणजे लग्नाची तारीख काढण्यासारखं. प्रांतसाहेब मोकळे तर वन खात्याची गाडी नाही, गाडी आहे तर धरणाचं आवर्तन सुटलेलं. पण एकदा सगळे पात्रात उतरले की काम होतं, हेही सांगितलं पाहिजे. जलसंपदाच्या अभियंत्याने एका नजरेत सांगितलं की या वळणावर वाळू काढली तर डावा काठ ढासळेल. ते मला नकाशावर कळलं नसतं.

पालम तालुक्यातल्या एका धक्क्यावर, म्हणजे वाळू काढायच्या जागेवर, आम्ही खड्डा घेतला. वाळूची जाडी किती हे कळायला दुसरा खात्रीचा मार्ग नाही. तलाठी अप्पांनी कोतवालमामांना सांगून दोन माणसं बोलावली, टिकाव-फावडं आणलं. वरची वीतभर वाळू कोरडी, पायाखाली सरकणारी. तिच्याखाली ओलसर, राखाडी. त्यात गारगोट्या, अकीकाचे तांबूस तुकडे, चुनखडीचे खडे, फुटके शिंपले. मी चाळणीत घेऊन बघत होते तोवर फावड्याचा आवाज बदलला. खरखर थांबली आणि पातं रुतायला लागलं. अडीच फुटांवर काळा चिकट गाळ. टेप लावून फोटो काढला. कोतवालमामा काठावरून म्हणाले, “ताई, आता खाली मातीच लागंल. आमच्या लहानपणी हितं पुरुषभर वाळू होती. पोरं दिवसभर लोळायची.”

नियम सांगतो की तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यातलं जे आधी येईल तिथवरच खोदाई करायची. ही झाली कमाल मर्यादा. पण कागदावर बघता बघता तीच वाळूची जाडी होऊन बसते. एक हेक्टर गुणिले तीन मीटर म्हणजे ३०,००० घनमीटर, सुमारे १०,६०० ब्रास. त्याच हेक्टरात जाडी पाऊण मीटर धरली तर ७,५०० घनमीटर, २,६५० ब्रास. पुढे एकूण साठ्याच्या ६० टक्केच काढण्याजोगा धरायचा, म्हणजे हातात उरतात १,५९० ब्रास. हा फरक खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही. कागदावरचे जास्तीचे ब्रास लिलावात विकले गेले तर ठेकेदार ते कुठून भरून काढणार? लिलावात दिलेल्या तुकड्याच्या, म्हणजे गटाच्या हद्दीबाहेरून, नाहीतर काठ पोखरून. पावती खरी आणि वाळू चोरीची, असा प्रकार मग सुरू होतो.

मी मूळची देगलूर तालुक्यातली, नांदेड जिल्ह्याच्या टोकाची. आमच्याकडे ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म (नाइस) हे खडक उघडे पडलेत, ते झिजले की गारेची, म्हणजे क्वार्ट्झची वाळू होते. मांजराकाठच्या बिलोली-देगलूरच्या वाळूला भाव आहे तो त्यामुळे. परभणीचा काळा पाषाण झिजला की त्याची मुख्यतः काळी माती होते. वाळू अगदी होत नाही असं नाही, पण कमी आणि सावकाश. म्हणजे इथल्या पात्रात जी वाळू आहे तो फार जुना साठा आहे, आणि तो दरवर्षी भरून येईल असं गृहीत धरणं धाडसाचं आहे.

गंगाखेडला, जनाबाईंच्या गावात, तर आम्ही लांबलचक पट्टा नकाशावर लाल केला, म्हणजे तिथे उपसा नाही. रस्त्याचा पूल, रेल्वेचा पूल, घाट, पाणीपुरवठ्याची जागा. पुलाच्या वरच्या अंगाला लांबीच्या पाचपट आणि खालच्या अंगाला दहापट अंतर सोडायचं, कमीत कमी २५० आणि ५०० मीटर. दोनशे मीटरचा पूल असेल तर वर एक किलोमीटर, खाली दोन. मोठ्या शहराजवळ वाळूची मागणी जास्त आणि सोडायचं अंतरही जास्त, त्यामुळे इथे दबाव येणारच. फोन आले. कुणाचे ते लिहीत नाही.

सगळ्यात जास्त वाद पुनर्भरणावर, म्हणजे नदीत वाळू परत किती येते यावर झाला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पात्र मोजायचं, फरक काढायचा, जेवढं आलं त्याच्या आतच उपसा ठेवायचा. साधा विचार आहे, पण दोन वेळा रोव्हर (जागा आणि उंची मोजायचं उपग्रहाधारित यंत्र) घेऊन पात्रात फिरायला पैसा आणि माणसं लागतात. सोपा मार्ग म्हणजे डँडी-बोल्टन सूत्र: पाणलोटाचं क्षेत्र आणि अपधाव (पावसाचं वाहून येणारं पाणी) टाकला की वर्षाला किती गाळ येतो त्याचा आकडा बाहेर पडतो. अडचण अशी की त्यात माती, चिकणगाळ, वाळू सगळं एकत्र असतं. आणि क्षेत्र कोणतं टाकायचं? पैठणच्या वरचं जायकवाडीचं पाणलोट २१,७५० चौरस किलोमीटर आहे. तिथली वाळू धरणात बसते, खाली येत नाही. ते क्षेत्र सूत्रात ठेवलं तर परभणीत न येणारी वाळू कागदावर येते. पूर्णेचं तेच, वर येलदरी आणि सिद्धेश्वर आहेत. धरणांच्या खालचंच क्षेत्र धरून मी हिशेब केला तेव्हा आकडा इतका आटला की वरिष्ठांनी दोनदा तपासायला लावलं.

“सूत्र लावून मोकळं व्हा,” असंच बहुतेकांचं म्हणणं होतं. आमचं मे २०२५ चं मोजमाप तेवढं झालेलं होतं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात पुनर्भरणाचा अभ्यास नसलेला डीएसआर चालणार नाही असं स्पष्ट केलं आणि तो वाद मिटला. सप्टेंबरात मराठवाड्यात जो पूर आला तो सगळ्यांना माहीत आहे. जायकवाडीचे दरवाजे उघडले, गोदाकाठची शेतं खरवडून निघाली. लोक म्हणायला लागले, आता तर नदी वाळूने भरली असेल.

पाणी ओसरल्यावर आम्ही त्याच खुणांवर पुन्हा रोव्हर लावला. काही वळणांच्या आतल्या अंगाला खरोखर नवी वाळू होती, चांगली जाड. पण जिथे केनी (पात्रातून वाळू ओढून काढायचं अवजार) लावून रात्रीचा उपसा चालायचा ते खोल खड्डे भरले होते गाळाने. वरून सपाट, उंची वाढलेली, यंत्राच्या हिशेबाने ‘पुनर्भरण’. फावडं मारलं तर शेतातली काळी माती. नुसत्या उंचीवर विसंबलो असतो तर ती मातीही वाळू म्हणून लिलावात गेली असती. म्हणून प्रत्येक ठिकाणी पुन्हा खड्डे. मजूर कंटाळले, मीही कंटाळले. अहवालात गेल्या वर्षांच्या उत्पादनाचा तक्ता आहे, त्यात फक्त स्वामित्वधन (रॉयल्टी) भरलेली वाळू येते. चोरीच्या वाळूला रकाना नाही. ती पात्राच्या उंचीत तेवढी दिसते.

मसुदा एकवीस दिवस लोकांसाठी खुला ठेवावा लागतो. संकेतस्थळावर टाकला की काम झालं असं मानायची पद्धत आहे, पण गोदाकाठचा माणूस सव्वाशे पानांची पीडीएफ उघडत नाही. आम्ही तलाठ्यांकडून गावनिहाय एक-एक पान चावडीवर लावून घेतलं: तुमच्या गावचा धक्का आत आहे की बाहेर, किती ब्रास, का. त्यानंतर हरकती आल्या. एका शेतकऱ्याने लिहिलं की धक्का सुरू झाल्यावर माझ्या विहिरीचं पाणी उतरतं. त्या विहिरीची पातळी घेऊन आम्ही गटाची हद्द मागे सरकवली. भोई समाजाच्या मंडळींनी एका डोहाची जागा दाखवली, ती वगळली. एका लेखी हरकतीत विचारलं होतं की मागच्या यादीत या धक्क्यात इतके हजार ब्रास होते, यंदा इतके कमी कसे? भाषा वकिलाची होती. त्याला आम्ही खड्ड्याचे फोटो जोडले.

एका बाईंच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. “तुम्ही धक्के कमी केलेत, ते बरंच. पण माझं घरकुल जोत्यावर थांबलंय. पाच ब्रास फुकट मिळणार म्हणतेत, ते कुठून आणू?” घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आणि साठ्यातला दहा टक्के वाटा राखीव, हे धोरणात आहे. पण दहा टक्के कशाचे? मोजून आलेल्या साठ्याचे, आणि तो साठाच आम्ही कमी दाखवला होता. खडीपासून केलेल्या कृत्रिम वाळूला सरकारने २०२५ मध्येच वेगळं धोरण आणलंय, जिल्ह्यात दगडही भरपूर आहे. पण क्रशरवरची ती वाळू विकत घ्यावी लागते आणि वाहतूक वेगळी. आम्ही अहवालात एवढं केलं की घरकुलांची संख्या जास्त असलेल्या गावांजवळचे लहान गट, पुनर्भरण झालेले, त्या कामासाठी राखून ठेवावेत अशी शिफारस लिहिली. शिफारस पाळली जाईल की नाही ते माझ्या हातात नाही.

राज्यस्तरीय तज्ज्ञ समितीने अहवाल एकदा परत पाठवला. नदीच्या प्रकरणावर प्रश्न आले नाहीत. मुरमाच्या गटांवर आले, गायरानातल्या जागा पुन्हा तपासा म्हणून. तपासल्या, काही काढल्या, पाठवल्या. अहवालाची मुदत पाच वर्षांची असते, पण पात्राचं मोजमाप दरवर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर व्हायला हवं. पुढच्या मोजमापाचा खर्च खनिकर्मच्या कोणत्या लेखाशीर्षातून करायचा, यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे. खुणांचे दगड काही ठिकाणी ट्रॅक्टरवाल्यांनी उपटलेत, म्हणून त्यांचे अक्षांश-रेखांश तलाठ्यांच्या दप्तरातही लिहून ठेवलेत.