अण्णा आणि ढाका

आईच्या फॅमिली पेन्शनमधली नावाची चूक दुरुस्त करायला आज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो होतो. अण्णांचं डिस्चार्ज बुक आणि ट्रंकेतली मेडल्स बरोबर होती. तिथल्या एका रिटायर्ड सुभेदार साहेबांनी मेडल उलटसुलट करून पाहिलं आणि सहज म्हणाले, "वडील पश्चिम आघाडीवर होते वाटतं."

मी गप्पच. आमच्या घरात १६ डिसेंबर १९७१ म्हणजे अण्णा आणि ढाका. पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली तेव्हा आपण मैदानाच्या कडेला उभे होतो, हे ते दर गणपतीत सांगायचे. पण त्या युद्धात पूर्व आघाडीवरच्यांना मिळालं 'पूर्वी स्टार' हे मेडल, आणि आमच्या डबीत आहे पश्चिम आघाडीचं 'पश्चिमी स्टार'. वर डिस्चार्ज बुकात ट्रेड लिहिलाय कुक.

कुक असण्यात कमीपणा कसला? उपाशीपोटी कोण लढलंय? तेच सांगितलं असतं तरी आम्ही मान ताठ करून फिरलो असतो.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचं म्हणतोय. धाकटा चिडलाय, "आता कशाला उकरतोस?" आईला विचारलं तर म्हणाली, "पत्रं राजस्थानातून यायची. मला वाटलं, तुम्हाला माहितेय."