ब्राह्ममुहूर्त सकाळी सातला

१६ नोव्हेंबर, रविवार

फोन म्हणतोय आज सूर्य सव्वातीनला मावळला. मला काही दिसला नाही बाबा, आठवडाभर नुसते ढग आणि पाऊस. बर्फ पडला असता तर निदान रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड तरी वर आला असता, पण स्टॉकहोमचा नोव्हेंबर म्हणजे काळं ओलं डांबर आणि त्यावर काळी जॅकेटं घालून चाललेली माणसं. लोक म्हणतात डिसेंबर सगळ्यात अंधारा, ते खरंच आहे, पण माझं बिनसतं ते याच महिन्यात.

काय होतं ते एकदा लिहूनच ठेवते. झोप पुरतच नाही, भरपूर झोपून उठलं तरी अंग असं जड की मोजे घालायलासुद्धा पलंगावर बसून मनाची तयारी करावी लागते. खायला सारखा भात, बटाटा, ब्रेड, साबुदाण्याची खिचडी, आणि जेवण होऊन तासाभरात परत काहीतरी गोड. फॅमिली ग्रुपवरचे मेसेज बघायचे पण उत्तर द्यायचं नाही. लेकीला रात्री गोष्ट वाचून दाखवताना दोन पानं एकदम उलटायची, आणि तिला ते बरोब्बर कळतं.

आईला फोनवर सांगितलं तर ती हसलीच. "अगं थंडीत कुणाला वाईट वाटतं का? थंडीत तर भूक लागते, झोप लागते, चांगलंच आहे की." तिचंही चुकत नाही, सांगलीत थंडी म्हणजे वर्षातला सगळ्यात छान सीझन, हुरडा, नवा गूळ, सकाळी अंगणात खुर्ची टाकून ऊन खात बसणं. पण तिथला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो गं आई, इथे डिसेंबरात सहा. थंडीचं मला काही वाटत नाही, त्याला जॅकेट आहे. पुढे म्हणाली, लवकर उठ आणि सूर्यनमस्कार घाल. कुठल्या सूर्याला?

लहानपणी घरात एकच नियम होता, सूर्य उगवायच्या आत उठायचं, आणि उशिरापर्यंत लोळणारा माणूस म्हणजे वाया गेलेला. इथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो म्हणजे ब्राह्ममुहूर्त सातच्या पुढे. त्या हिशोबाने अख्खं स्टॉकहोम ऋषिमुनी आहे, मी पण. तरी दिवसभर डोक्यात घरचाच आवाज, आळशी झालीयेस, आळशी झालीयेस.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज डॉक्टर. नवऱ्यानेच अपॉइंटमेंट घेतली होती, मी नुसती गेले. आधी थायरॉइड, लोह आणि व्हिटॅमिन डीसाठी रक्त घेतलं, कारण थकवा त्याचाही असू शकतो, आणि आपल्या सावळ्या कातडीला इथल्या हिवाळ्यातल्या उन्हातून व्हिटॅमिन डी जवळजवळ मिळतच नाही. पण तिने हेही सांगितलं की डीची गोळी घेतली म्हणजे हे हिवाळ्याचं डिप्रेशन बरं होईल असं समजू नकोस, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग फॉर्म. झोप, भूक, लक्ष लागणं, आणि शेवटी मरणाचे विचार येतात का. मी म्हटलं नाही, फक्त सगळ्यांनी मला मार्चपर्यंत हाक मारू नये असं वाटतं. ती हसली नाही. म्हणाली तसे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी ११२ ला फोन करायचा.

मी तिला म्हटलं, मला वाटतं मी आळशी झालेय. तिने विचारलं, जूनमध्ये पण असता का आळशी? जूनमध्ये मी रात्री अकराला खिडक्या पुसत असते हो, बाहेर उजेड असतो म्हणून झोपावंसंच वाटत नाही. "मग तुमचा आळस कॅलेंडर बघून येतो का," म्हणाली. एवढं एक वाक्य ऐकून लिफ्टमध्ये मला रडू आलं, आणि बाजूला एक काका उभे होते ते बिचारे मजल्यांची बटणं बघत राहिले.

घरी येऊन वाचत बसले. या हिवाळ्याच्या डिप्रेशनचं पहिलं नीट वर्णन १९८४ सालचं, नॉर्मन रोझेनथाल नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेलं. हा मूळचा जोहान्सबर्गचा, तिथून न्यूयॉर्कला आला आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याचंच काम ढेपाळलं. भरपूर उन्हाच्या गावातून आलेल्या माणसाच्याच हे आधी लक्षात आलं याचं मला नवल वाटत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

डॉक्टरने सांगितलेला उजेडाच्या उपचाराचा लॅम्प आला. दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), पांढरा, अगदी कुरूप. सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवायचा, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. डॉक्टरने आधी डोळ्यांचं काही दुखणं आहे का विचारलं होतं, आणि कधी झोप न घेता भयंकर उत्साहात आठवडाभर धावपळ केलीय का तेही, कारण बायपोलर असेल तर या उजेडाने माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. म्हणून नुसतं ऑनलाइन मागवून सुरू करू नका, विचारून करा.

फोनवर लक्स मोजायचं अॅप टाकलंय (फार अचूक नसतं, पण अंदाज येतो). आमच्या किचनमध्ये मला ढणढणीत वाटणारा उजेड दीडशेच्या आसपास. शिस्ता भागातल्या माझ्या ऑफिसात चारशे. आणि दुपारी बाराला, ढग असताना, बाहेर हजाराच्या वर! डोळ्याला हा फरक कळतच नाही, पण डोळ्यात मागे काही पेशी असतात त्या चित्र बघायचं काम सोडून जास्त करून उजेड किती आहे याचा हिशोब मेंदूतल्या घड्याळाला कळवत असतात, त्यांना बरोबर कळतो. तर आता जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवून येर्वाफेल्टच्या मोकळ्या रानात चालायला जाते. मूड असो नसो. मूडला विचारायचंच नाही हे ठरवलंय, कारण त्याचं उत्तर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत नाही असंच असतं.

ऑफिसातल्या नॉर्वेच्या सहकाऱ्याने चालता चालता र्युकानबद्दल सांगितलं. डोंगरांच्या मधल्या अरुंद दरीतलं गाव, सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत ऊन खाली पोचतच नाही. तिथल्या कारखान्याच्या कंपनीने १९२८ मध्ये रोपवे बांधला, कशाला, तर लोकांना वर जाऊन ऊन खाता यावं म्हणून. आणि २०१३ मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले, सूर्याबरोबर फिरणारे, ते गावातल्या चौकात ऊन पाडतात. मला ही गोष्ट इतकी आवडली! म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका कारखानदार कंपनीने मान्य केलं की माणसाला ऊन लागतं. लवकर उठा, पॉझिटिव्ह विचार करा, असं पत्रक नाही वाटलं.

१३ डिसेंबर, शनिवार

लुसिया, इथला उजेडाचा सण. लेकीच्या शाळेत सगळी पिल्लं पांढरे झगे घालून बॅटरीच्या मेणबत्त्या घेऊन गायली, आमची मध्येच जांभई देत होती. केशराचे बन खाल्ले. आमचा दिवाळीचा आकाशकंदील अजून खिडकीत आहे, शेजारच्या आजींना तो यांच्या ख्रिसमसचा ताराच वाटतो, आणि तुमचा सगळ्यात सुंदर आहे म्हणतात. काढणार नाहीये.

लॅम्पने जादू वगैरे झालेली नाही. सकाळ जरा सोपी झालीय, दुपारी चारनंतर तेच. आज उत्तर द्यायचे राहिलेले सगळे मेसेज एकदम दिले, काकूंना वाटलं माझा फोन बिघडला होता, मी हो म्हटलं.

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. आईने आठवण केली म्हणून दूध उतू घालवायचं ठरवलं, तर इंडक्शनवर दूध सांडलं की तो बीप बीप करून बंदच पडतो. नवरा म्हणाला सूर्यदेवांना एवढं पुरे.

दिवस आता साडेसात तासांचा झालाय आणि रोज चारेक मिनिटांनी वाढतोय. आपल्याकडे संक्रांतीनंतर तिळातिळाने वाढतो म्हणतात, इथे तीळ जरा मोठे आहेत. पण डॉक्टर म्हणाली फेब्रुवारीत लोक बरं वाटतंय म्हणून लॅम्प कपाटात टाकतात आणि मग परत घसरतात, तेव्हा एवढ्यात बंद नाही करायचा. बोलून करायची थेरपी पण सुरू करतेय, पुढचा हिवाळा यायच्या आत शिकून घ्यायला. डिप्रेशनच्या गोळ्यांचं तिने सांगून ठेवलंय, लागल्या तर घेईन, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही आता. आईला वाटतो, पण काल तिने स्वतःहून विचारलं, "तुझा तो दिवा चालू आहे ना गं?"

दुपारी मराठी ग्रुपवर नागपूरची नवीन मुलगी, ऑगस्टमध्येच आलेली, तिने लिहिलं की सारखी झोप येतेय, कामात लक्ष नाही, मी इतकी आळशी कधीच नव्हते. खाली सात जणांनी व्हिटॅमिन डीचे ब्रँड लिहिले. मी तिला वेगळा मेसेज केला, आधी डॉक्टरची वेळ घे म्हटलं, फॉर्म भरायला सोबत लागली तर मी येते. आणि शनिवारी जेवायला ये. तिने विचारलं संध्याकाळी किती वाजता येऊ, म्हटलं संध्याकाळी नको, साडेअकराला ये, आधी तासभर चालून येऊ मग जेवू.