'नाही' शेवटी आलं की घात होतो: वायरलेस सरावाचा तिसरा महिना

वहीत आता 31 बैठकांची नोंद आहे. मागच्या वेळचं वाचून तुम्हाला वाटलं असेल, शब्द पाठ झाले, आता नुसती सफाई उरली. मलाही वाटलं होतं. पण पहिले पाढे पंचावन्न! वहीतला शब्द येतो, आणि बोलायचं बटण (ते दाबून धरलं तरच आवाज पलीकडे जातो) दाबलं की जीभ घरचंच बोलते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आम्ही चौघे हौशी. अग्निशमन आणि बचाव पथकं वायरलेसवर ज्या ठरीव शब्दांत बोलतात, त्या शब्दांत एक खोटी घटना चालवतो. एक जण कंट्रोल, एक घटनास्थळाचा प्रमुख, उरलेले दोघे इमारतीत शिरलेली जोडी. सिम्प्लेक्स (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलणं), कमीत कमी पॉवर, आणि सुरुवातीला नि शेवटी तीनदा 'एक्सरसाइज'. गटाबाहेरचे एक काका पूर्वी कंट्रोल रूममध्ये होते. ते नंतर रेकॉर्डिंग ऐकतात आणि चुका मोजतात. दया वगैरे काही नाही.

'रॉजर'चा गोंधळ निम्म्यावर आला आहे. कंट्रोलने विचारलं, "जिना वापरता येईल का?" मी ऐटीत "रॉजर". काकांनी रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं. "म्हणजे काय रे? प्रश्न ऐकू आला, की जिना ठीक आहे?" रॉजर म्हणजे 'तुमचं बोलणं पूर्ण मिळालं', बस्स. 'रिसीव्हड'चा आर. जुन्या इंग्रजी वर्णमालेत आरसाठी रॉजर होतं. 1956 साली आजची अल्फा-ब्राव्हो मालिका आली, आरचा रोमिओ झाला, पण रॉजर काही हलला नाही. सांगितलेलं करणार असू तर 'विल्को', आणि त्यात रॉजर आलाच. 'रॉजर विल्को' म्हणणं म्हणजे 'पिवळा पीतांबर'. 'ओव्हर अँड आउट' त्याहून वाईट: 'ओव्हर' म्हणजे आता तुम्ही बोला, 'आउट' म्हणजे माझं संपलं, उत्तर नको. एका दमात दोन्ही कसं चालेल?

'रिपीट' मात्र अजून सुटत नाही. 'पुन्हा सांगा' म्हणायला 'से अगेन' हवं. सैन्यात तोफखान्याच्या वायरलेसवर 'रिपीट' म्हणजे तोच मारा पुन्हा करा, म्हणून ही शिस्त. आमच्याकडे तोफा नाहीत, तरी काका प्रत्येक वेळी लाल रेघ मारतात.

आता या महिन्याचा खरा शोध. सराव 22 मध्ये मी आतल्या जोडीत होतो. बोललो, "आम्ही दुसऱ्या मजल्यावर जात नाही," आणि शेवटच्या शब्दाआधीच बटणावरून अंगठा उचलला. पलीकडे पोहोचलं, "आम्ही दुसऱ्या मजल्यावर जात". प्रमुखाने पाण्याची दुसरी लाइन वर पाठवली. खोटी लाइन, खोटं पाणी, पण माझ्या पोटात खरा गोळा आला. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला बसतो आणि बटण सोडायच्या घाईत शेपूटच तुटतं. काका म्हणाले, "तू खोटं बोलला नाहीस, अर्धंच बोललास." आता नियम केलाय: नकार असेल तर पहिला शब्द 'निगेटिव्ह', मग वाक्य, तेही शक्यतो होकारार्थी: "निगेटिव्ह. पहिल्या मजल्यावरच थांबलोय."

तुटलेल्या वाक्याची किंमत विमानवाल्यांना फार मोठी पडली आहे. 27 मार्च 1977, स्पेनच्या तेनेरिफ बेटावरचा विमानतळ. टॉवर केएलएम या डच कंपनीच्या विमानाला म्हणाला 'ओके', आणि क्षणभराने 'टेक-ऑफसाठी थांबा'. नेमक्या त्याच वेळी दुसरं विमान बोललं. दोन प्रक्षेपणं एकमेकांवर आदळली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके'नंतर शिट्टीसारखा आवाज तेवढा आला. दोन जंबो धावपट्टीवर धडकली, 583 माणसं गेली. धुकं आणि बाकी कारणं होतीच. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असं ठरलं. 'अफर्मेटिव्ह' (होय) आणि 'निगेटिव्ह' यांचा शेवट सारखाच ऐकू येतो. विमानवाले पहिल्याला छाटून नुसतं 'अफर्म' म्हणतात. आम्हीही आता तेच म्हणतो.

आकड्यांचंही तसंच. इंग्रजीत फाइव्ह-नाइन घोटाळा होतो म्हणून 'फाइफ' आणि 'नायनर' आले. आपल्याकडे 'सात', 'साठ', 'आठ' हे एकाच माळेचे मणी. त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सदुसष्ट यांत फरक सगळा सुरुवातीला, आणि बटण दाबल्या दाबल्या बोललं की नेमकी सुरुवातच खाल्ली जाते. मुद्दाम 40 आकडे पूर्ण म्हणून पाहिले, खरखर वाजवून: 11 चुकले. तेच एकेक अंक सुटा म्हटल्यावर 2. प्रयोग घरगुती आहे, पण आमच्यापुरता निकाल लागला. 'सहा-तीन' म्हणायचं, 'त्रेसष्ट' नाही.

टेन-कोड, म्हणजे 'टेन'ने सुरू होणारे पोलिसांचे सांकेतिक आकडे, मी सोडले. मनापासून आवडायचे, 'टेन-फोर' (संदेश मिळाला) म्हणताना उगाच छाती फुगायची. 1937 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्य पोलिसांच्या चार्ल्स हॉपर यांनी ते बसवले. तेव्हाच्या ट्रान्समीटरमधली मोटर वेग घेईपर्यंत पहिला उच्चार गिळला जाई, म्हणून बळी 'टेन'चा द्यायचा. युक्ती नामी. पण पुढे एकाच आकड्याचा अर्थ खात्याखात्यात बदलला आणि 2006 पासून तिथे अनेक खाती एकत्र येतात अशा घटनांत साधी भाषाच वापरायची असं ठरलं. मोटर गेली, तरी बटण दाबून अर्धा सेकंद थांबायची गरज गेलेली नाही.

इमारतीच्या बाजूंना ए, बी, सी, डी म्हणायचं, समोरची ए आणि तिथून घड्याळाच्या दिशेने. जमतं. मागच्या बाजूला उभं राहून 'डावीकडे' म्हणायची खोड गेली.

सगळ्यात जास्त वेळ गेला 'मेडे'वर, म्हणजे जीव धोक्यात असताना द्यायच्या हाकेवर. हा शब्द आम्ही सरावातसुद्धा हवेत सोडत नाही. त्यासाठी दोन खोल्यांत तारेचा इंटरकॉम ओढलाय. 1923 च्या सुमारास लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी 'मेडे' हा शब्द सुचवला. बरीच ये-जा पॅरिसशी, म्हणून 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच बोलांवरून. 1927 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अग्निशमनात तो अडकलेला किंवा हरवलेला जवान स्वतःसाठी देतो. तीनदा मेडे, मग 'लुनार': ठिकाण, पथक, नाव, काम आणि उरलेली हवा, काय मदत हवी. ठिकाण पहिलं, कारण पुढचं बोलता येईलच याचा भरवसा नसतो.

डोळ्यांवर पट्टी, तोंडावर मास्क, पाय खुर्चीच्या खाली. पहिला प्रयत्न 52 सेकंद, आणि ठिकाण सांगितलंच नाही! नाव मात्र दोनदा सांगितलं. नवव्या प्रयत्नाला 17 सेकंद, पाचही मुद्दे क्रमाने. उलट प्रमुख म्हणून मी सपशेल नापास. मेडे आल्यावर बाकीच्यांना गप्प करायचं, मदतीची जोडी आत धाडायची आणि 'पार' मागायचा, म्हणजे प्रत्येक पथकाकडून माणसांची मोजणी. मी जोडी धाडली, मोजणी विसरलो. आत आणखी एक माणूस होता, तो अंधारात बसून 6 मिनिटं वाट पाहत होता. नंतर चहाच्या वेळी त्याने माझ्याशी अबोला धरला.

सराव 32 साठी काकांनी पंप आणि सायरनचा आवाज भरलेली फाइल दिली आहे. ती चालू ठेवून 'पार' घ्यायचा, चार पथकं, सुटे अंक. अंगठ्यासाठी बटणाशेजारी चिकटपट्टी लावून त्यावर 'थांब' लिहिलंय.