अल्फा सेंटॉरी ते हटन ऑर्बिटल : फुकटच्या अनाकोंडासाठी जाऊ नका

फुकट अनाकोंडा मिळत नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे ज्यांना तेवढंच जाणून घ्यायचं होतं त्यांचा वेळ वाचेल.

‘एलिट डेंजरस’ हा अवकाशात जहाज चालवायचा संगणकावरचा खेळ खेळणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला कुणी ना कुणी सांगतंच, की अल्फा सेंटॉरीत हटन ऑर्बिटल नावाचं एक स्थानक आहे आणि तिथे पोचणाऱ्याला अनाकोंडा जहाज बक्षीस मिळतं. मला हे म्हापशाच्या मावसभावाने सांगितलं. “दादा, लांब आहे म्हणून कोण जात नाही. पोचलास की अनाकोंडा तुझी.” अनाकोंडाची किंमत १४ कोटी ७० लाख क्रेडिटच्या आसपास. खेळ सुरू करताना हातात असतात १,००० क्रेडिट आणि साइडवाइंडर नावाचं एक लहान जहाज. असा आकडा ऐकल्यावर कुणाचेही पाय तिकडे वळतील, आणि सांगणाऱ्याला ते नेमकं माहीत असतं. आता यातली खरी चीड आणणारी गोष्ट ऐका. हटन ऑर्बिटल ही आउटपोस्ट, म्हणजे लहान स्थानक आहे. तिथे लहान आणि मध्यम जहाजांपुरतीच पॅड (उतरायच्या जागा) आहेत, मोठं पॅड नाही. अनाकोंडाला मोठं पॅड लागतं. म्हणजे जे जहाज तिथे बक्षीस मिळतं म्हणतात, ते तिथे उतरूच शकत नाही! हे एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मी सांगतोय.

तरीही मी जायला सांगणार आहे. त्याचं कारण पुढे येईलच, पण आधी वाट.

जहाज स्थानकातून बाहेर काढणं, एका ताऱ्याहून दुसऱ्या ताऱ्यापाशी उडी मारणं, साडेसात किलोमीटरच्या आत गेल्यावर डॉकिंगची (स्थानकात उतरण्याची) परवानगी मागणं हे ज्याला येतं त्याच्यासाठी हे लिहितोय. ते येत नसेल तर आधी तेच शिका, हटन कुठे पळून जात नाही.

मी निघालो लेव्ह नावाच्या ताऱ्याच्या मंडलातून. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो संगणकासाठी मूळ ‘एलिट’ केला, त्यात खेळ लेव्हहूनच सुरू व्हायचा. हातात कोब्रा मार्क थ्री जहाज, १०० क्रेडिट, आणि एका उडीला जास्तीत जास्त सात प्रकाशवर्षांचं इंधन. ३२ किलोबाइटच्या त्या यंत्रात त्यांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले होते. ते साठवून ठेवलेले नव्हते. दर वेळी त्याच मूळ आकड्यांपासून गणिताने नव्याने तयार व्हायचे. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या नव्या अवतारात आपली आकाशगंगा तिच्या खऱ्या मापाने, साधारण ४०० अब्ज तारकामंडलांसह उभी केली आहे, आणि त्यात लेव्हही ठेवलं आहे, सूर्यापासून शंभरेक प्रकाशवर्षांवर. म्हणून मीही कोब्रा मार्क थ्रीच घेतलं. साडेतीन लाख क्रेडिटच्या आसपास मिळतं, टाकी १६ टनांची आहे आणि कुठल्याही लहान पॅडवर उतरतं. या वाटेला याहून महाग जहाज न्यायची काही गरज नाही.

लेव्ह ते अल्फा सेंटॉरी या टप्प्यात लिहिण्यासारखं काही नाही. उड्या मारा, मधल्या ताऱ्यांवर इंधन भरा, पोचा. एवढंच लक्षात ठेवा, की आपल्या सूर्याच्या मंडलात शिरायला परवाना लागतो आणि तो खेळातल्या ‘फेडरेशन’ या सत्तेच्या नौदलात पेटी ऑफिसरचा हुद्दा मिळाल्यावरच हाती येतो. वाटेत ‘पृथ्वी बघून घेऊ’ म्हणून बेत आखाल तर दार बंद दिसेल. अल्फा सेंटॉरीला परवाना लागत नाही.

आता तो टप्पा.

उडी मारून तुम्ही नेहमी मंडलातल्या मुख्य ताऱ्यापाशी उतरता. इथे तो अल्फा सेंटॉरी ए. हटन मात्र फिरतं ईडन नावाच्या ग्रहाभोवती, आणि ईडन आहे प्रॉक्सिमा सेंटॉरीपाशी. प्रत्यक्ष आकाशातही प्रॉक्सिमा अल्फा सेंटॉरी ए आणि बी या दोन मोठ्या ताऱ्यांपासून अशीच दूर आहे. खेळ करणाऱ्यांनी ते अंतर जसंच्या तसं ठेवलं, त्यात काही काटछाट केली नाही. नेव्हिगेशन पॅनेलवर हटनसमोर आकडा दिसतो ०.२२. एवढासा आकडा बघून सगळे फसतात, कारण एरवी स्थानकांची अंतरं प्रकाशसेकंदांत वाचायची सवय झालेली असते. हे प्रकाशवर्षांत आहे. सेकंदांत मोजलं तर ६७ लाख ८४ हजार प्रकाशसेकंद. सुपरक्रूझमध्ये, म्हणजे मंडलाच्या आत प्रकाशाहून वेगाने जाताना, साध्या ड्राइव्हचं (इंजिनाचं) जहाज प्रकाशाच्या २,००१ पट वेगापर्यंत चढतं, त्याच्यावर नाही. त्या वेगानेसुद्धा जवळजवळ तास जातो, आणि तो वेग गाठायला ताऱ्याच्या ओढीतून बाहेर पडेपर्यंतचा वेळ वेगळा. एकूण १ तास २० मिनिटं धरा. पणजीहून मडगावला जाऊन परत यावं एवढा वेळ एका सरळ रेषेत, वळण नाही, थांबा नाही, बाजूला बघायला काही नाही.

जुन्या ‘एलिट’मध्ये हे नव्हतं. तिथेही ग्रह लांब असायचा, पण ‘जे’ कळ दाबली की मधली रिकामी जागा भराभर मागे पडायची. जवळपास दुसरं जहाज असेल तेव्हा ती कळ चालायची नाही. नव्या अवतारात ती कळ काढून टाकली. मला विचाराल तर या खेळात १९८४ नंतर झालेला सगळ्यात मोठा बदल हाच. ग्राफिक्स सुधारणारच होते. पण अंतराला वेळ लागतो, हे हटनच्या वाटेवर जसं कळतं तसं बाकी कुठेच कळत नाही. अर्ध्या तासानंतर मागचे दोन्ही तारे ठिपके होतात, पुढची प्रॉक्सिमा तर दिसतच नाही. रडारवर काहीच नसतं. आकाशगंगेचा पट्टा आडवा पसरलेला आणि आपण त्यात कुणाचेच नाही. मला त्या वेळी इतकं भरून आलं की मावसभावावरचा राग विसरलो. तो नंतर परत आला.

आणि मग लायट गेली.

आषाढ होता. आमच्या डिचोलीत आषाढात पाऊस आणि वारा एकत्र आले की वीज टिकत नाही, हे सांगायला नको. हा खेळ एकट्याने खेळलात तरी इंटरनेटशिवाय चालत नाही. ऑफलाइन खेळता येईल असं सुरुवातीला सांगितलं होतं, पण खेळ बाजारात येण्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, तो बेत रद्द केला गेला. त्यामुळे संगणकाला यूपीएस असून भागत नाही. राउटरही त्याच यूपीएसवर लावा. माझा संगणक चालू होता, राउटर मेला, आणि तिकडे जहाजाशी जोडणी तुटली. त्या रात्री वीज आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी पणजीला गेलो आणि तासावर संगणक देणाऱ्या एका गेमिंग कॅफेत बसलो. इथलं लुबाडणं मुद्दाम लिहितो, कारण चवथीच्या सुटीत तुमच्यातले बरेच जण हेच करतील. आधी त्यांच्या यंत्रावर खेळाचं अपडेट उतरत बसलं, आणि तो सगळा वेळ माझ्या मीटरवर. अपडेट त्यांच्या यंत्राचं, पैसे माझे. मग स्थानकात उतरेपर्यंत तासावर थोडी मिनिटं गेली, तर पुढच्या पूर्ण तासाचे पैसे लावले. विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला, “तासाचाच रेट आहे.” बसण्याआधीच हे दोन प्रश्न विचारा : अपडेटचा वेळ कोण भरणार, आणि तासावर मिनिटं गेली तर किती लावणार. सरळ उत्तर मिळालं नाही तर उठा. हटनसारख्या प्रवासाला तासाच्या दराने बसणं हा शुद्ध तोटा आहे.

एक दिलासा : जोडणी तुटली म्हणून सगळी वाट पुन्हा करावी लागली नाही. परत शिरलो तेव्हा जहाज जिथे जोडणी तुटली होती तिथेच, साध्या अवकाशात, उभं होतं. ड्राइव्ह पुन्हा चार्ज करायचा आणि निघायचं. ताऱ्यांपासून लांब असल्यामुळे वेगही लवकर चढतो.

ज्यांच्या गावात नेट अजिबात टिकत नाही, सत्तरीच्या आतल्या भागातले मित्र मला नेहमी हे विचारतात, त्यांनी ‘ऊलाइट’ उतरवून घ्यावा. जुन्या ‘एलिट’चीच ही मोकळी, फुकट आवृत्ती आहे, २००४ पासून चालू. जुन्या लॅपटॉपवर चालते, एकदा उतरवली की नेट लागत नाही, आणि ‘जे’ कळही शाबूत आहे. पावसाळ्यात मी तीच सुचवीन.

निघण्याआधी काय करायचं ते आता सांगतो. अल्फा सेंटॉरी ए आपल्या सूर्याच्याच जातीचा तारा आहे, त्यामुळे फ्युएल स्कूप (ताऱ्याजवळून इंधन ओढून घेणारं उपकरण) असेल तर तिथेच टाकी काठोकाठ भरा. मध्ये पंप नाही. सुपरक्रूझमध्ये इंधन हळूहळू जळत राहतं, आणि छोट्या टाकीचं जहाज अर्धी टाकी घेऊन निघालं तर अडकण्याची भीती खरी आहे. अडकलातच तर खेळाडूंचा ‘फ्युएल रॅट्स’ हा गट इंधन आणून देतो, पैसे घेत नाही. पण एवढ्या लांब कुणाला हाका मारायची वेळ आणू नका, त्याही माणसाला हाच रस्ता तुडवावा लागतो.

डिकी रिकामी ठेवा. माल असला की लुटारू मागे लागतात आणि सुपरक्रूझमधून खेचून काढतात. लेव्हची ब्रँडी घेतली असेल तर ती आधीच्या मंडलात विकून टाका.

सुपरक्रूझ असिस्ट हे छोटं उपकरण बसवा. एकदा नाक हटनकडे धरलं की जहाज रेषा सोडत नाही आणि जागेवर आपसूक थांबतं. मात्र ते लावून झोपायला जाऊ नका, लुटारू आला तर ते तुम्हाला वाचवणार नाही. ते नसेल तर वेगाची दांडी पूर्ण पुढे ठेवा आणि हात लावू नका. शेवटी शेवटी जीव कंटाळलेला असतो, त्यामुळे बरेच जण आधीच वेग कमी करतात आणि वाट आणखी लांबवतात. पोचायला सात सेकंद उरल्याचं दिसलं की दांडी ७५ टक्क्यांवर, निळ्या पट्ट्यात आणा. त्याआधी नाही, आणि त्यानंतर तर अजिबात नाही. उशीर केलात तर हटन बाजूने निघून जाईल आणि वळून यावं लागेल. एवढं बसून ते बघण्यासारखं दुसरं दुःख नाही.

२०२४ पासून सुपरक्रूझ ओव्हरचार्जचे नवे ड्राइव्ह आले आहेत. त्यांनी हा वेळ पुष्कळच कमी होतो, पण इंधन भसाभसा जळतं आणि जहाज तापतं. शिवाय पहिल्यांदा जाताना तो वापरू नये असं माझं ठाम मत आहे. ज्या गोष्टीसाठी जायचं तीच त्याने निघून जाते.

स्थानक कसं आहे? साधं. आउटपोस्ट असल्यामुळे फिरत्या स्थानकासारखी आत शिरायची फट नाही, पॅड बाहेरच उघड्यावर आहेत. दमलेल्या हातांना ते सोयीचंच. परवानगी मिळाल्यावर १० मिनिटांत उतरा, आणि सेकंदाला १०० मीटरच्या वर जाऊ नका, त्या वेगात दुसऱ्या जहाजाला धडकलात तर एवढं करून दंड भराल. आत बाजारात दोन दुर्मीळ वस्तू मिळतात : ‘हटन मग’ हा पेला आणि ‘सेंटॉरी मेगा जिन’ ही दारू. पेला घ्याच. मर्यादित मिळतात, मिळतील तेवढे घ्या. दुर्मीळ मालाचा भाव जिथून घेतला तिथून लांब गेल्यावर चढतो, त्यामुळे शेजारच्या मंडलात विकायची घाई करू नका. साधारण दीडशे प्रकाशवर्षं लांब न्या, म्हणजे चांगला पैसा होतो. अनाकोंडा येण्याएवढा नाही.

हा तारा खरा बघायचा असेल तर मे अखेरीस, पाऊस लागायच्या आधी, रात्री दहा-साडेदहाला दक्षिणेला बघा. आपल्याकडे त्याला मित्र म्हणतात. गोव्यातून तो क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेला डोंगर असलेल्या आमच्यासारख्यांना दिसत नाही. काणकोणकडे एखादी मोकळी टेकडी गाठा. प्रॉक्सिमा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, शोधत बसू नका.

परतीची काळजी करू नका. हटनहून उलटं १ तास २० मिनिटं यायचं नसतं. बाहेर पडा, स्थानकापासून जरा लांब व्हा, नकाशात दुसरं मंडल निवडा आणि सरळ उडी मारा. मंडलाच्या बाहेर पडायला मुख्य ताऱ्यापाशी जावं लागत नाही. पेले विकायचं ठिकाण आधीच ठरवून ठेवलं असेल तर स्थानक सोडल्यापासून मिनिटाभरात तुम्ही वाटेला लागलेले असाल.