मुई ने: मासळी बघायची तर उजाडायच्या आत

व्हिएतनाममधल्या मुई नेला बहुतेक लोक वाळूच्या टेकड्यांसाठी जातात. मला मात्र मच्छीमारांचा किनारा बघायचा होता.

हो ची मिन्ह सिटीहून अंतर साधारण २०० किलोमीटर. मी स्लीपर बस घेतली. चढतानाच बूट काढून पिशवीत टाकायला लावतात. २०२३ मध्ये मुई नेजवळच्या फान थिएतकडचा एक्स्प्रेसवे सुरू झाला, त्यामुळे पूर्वीइतका वेळ लागत नाही.

हॉटेलवाला म्हणाला, नाश्ता करून आरामात जा. मी ऐकलं नाही, अंधारातच निघालो. रस्त्यावरून पायऱ्या उतरून खाली गेलं की आधी वास येतो, मग माणसं दिसतात. मोठ्या बोटी रात्रभर मासेमारी करून परततात आणि जरा आत, पाण्यातच नांगर टाकतात. तिथून माल काठाला येतो तो गोल टोपलीसारख्या होड्यांतून. मूळच्या बांबूच्या विणीच्या, पाणी शिरू नये म्हणून राळ फासलेल्या. आता फायबरच्याही बऱ्याच दिसतात. नाळ (पुढचं टोक) कुठली नि वरामा (मागचं टोक) कुठला, काही कळत नाही. उभा राहिलेला माणूस एकच वल्हं पुढच्या बाजूला धरून पाण्यात इंग्रजी आठाचा आकडा काढत राहतो आणि ती टोपली चक्क सरळ येते! मी बराच वेळ नुसता त्याच्या मनगटाकडे बघत होतो.

काठावरचं राज्य बायकांचं. शंकूच्या टोप्या घालून उकिडव्या बसलेल्या, हात झपाझप मासळी निवडतायत. कॅमेरा दाखवून मानेनेच विचारलं. एकीने हसून होकार दिला, दुसरीने हात हलवून नको म्हटलं. विषय संपला. लोक कामावर असतात, आपण मध्ये लुडबुडत असतो, एवढं भान हवंच.

मी थोडे शिंपले घेतले. भाव कॅल्क्युलेटरवर दाखवतात. बोलताना शेवटची तीन शून्यं गाळतात, म्हणजे ‘पन्नास’ म्हणजे ५० हजार डोंग. २० हजाराची आणि ५ लाखांची, दोन्ही नोटा निळसर, त्यामुळे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या बऱ्या.

किनारा स्वच्छ म्हणाल तर अजिबात नाही. शिंपल्यांचे तुकडे, जाळ्यांचे धागे, प्लास्टिक, सगळं पायाखाली. बंद बूट घाला. आठ वाजेपर्यंत गर्दी ओसरली होती, आणि पर्यटकांच्या जीपा तेव्हा कुठे येऊन थांबत होत्या.