समन्स नावानिशी आलं तर

तहसीलदारांनी अतिक्रमण काढलं. ज्याचं काढलं त्याने दिवाणी दावा लावला आणि प्रतिवादी म्हणून हुद्द्याऐवजी साहेबांचं नावच घातलं. समन्स आलं की कार्यालयात ठरलेलं वाक्य निघतं, "जीपी बघतील." पण जीपी, म्हणजे सरकारी वकील, आपोआप उभे राहत नाहीत.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 27 मधला नियम 8 पाहा. शासनाने बचाव स्वीकारायचा, सरकारी वकिलांना तसं अधिकारपत्र द्यायचं आणि त्यांनी न्यायालयात अर्ज करायचा, असा क्रम आहे. समन्समधल्या तारखेपर्यंत हा अर्ज पडला नाही, तर दावा खासगी माणसांतल्या दाव्यासारखा चालतो. हाती राहतं एवढंच, की हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीशिवाय अटक किंवा जप्ती होत नाही.

कैफियतीला, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तराला, 30 दिवस, कारण नोंदवून न्यायालय फार तर 90 पर्यंत नेतं. यातले बरेचसे दिवस फाईल टेबलांवरून फिरण्यातच जातात. म्हणून समन्स मिळाल्या दिवशीच दाव्याच्या प्रतीसह बचावाचा प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवावा. शासनाचे आदेश यायला उशीर लागणार असेल, तर नियम 7 खाली मुदतीचा अर्ज स्वतः देता येतो. ही तरतूद खास आपल्यासारख्या सरकारी अधिकाऱ्यांसाठीच आहे आणि फारसं कुणी ती वापरत नाही.

पॅरावाइज रिमार्क्समध्ये, म्हणजे सरकारी वकिलांना दिलेल्या परिच्छेदनिहाय उत्तरात, दाव्याच्या प्रत्येक परिच्छेदापुढे नुसतं "अमान्य" लिहिणं ही जुनी खोड. मोघम नकार म्हणजे कबुली धरली जाऊ शकते. कोणत्या कलमाखाली नोटीस दिली, ती कधी बजावली, पंचनाम्यावर पंच कोण, हे तारखांसह लिहा आणि प्रती जोडा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची पूर्वसूचनेची नोटीस न देता दावा लागला असेल, तर तो आक्षेप कैफियतीतच घ्या. गप्प बसलात तर हक्क सोडला असं धरतात. मात्र तातडीचा मनाई हुकूम मागायचा असेल, तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवायही दावा लावता येतो. राज्य शासनाला पक्षकार केलं नसेल तर नियम 5अ दाखवा.

रस्ता केससारख्या (शेतरस्त्याच्या वादावर निर्णय देण्याच्या) न्यायिक कामाला 1850 च्या न्यायिक अधिकारी संरक्षण कायद्याचं वेगळं कवच आहे. हुकूम चुकीचा ठरला तरी, अधिकारक्षेत्र आपल्याकडे आहे असं सद्भावाने मानून तो दिलेला असेल, तर त्या अधिकाऱ्यावर दिवाणी दावा चालत नाही.

फौजदारी तक्रारीचा भाग निराळा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 218 (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 197) लोकसेवकावर खटला चालवण्याआधी शासनाची पूर्वमंजुरी मागतं. शासनाने 120 दिवसांत निर्णय दिला नाही, तर मंजुरी मिळाली असं मानतात. कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्ये माताजोग दोबे प्रकरणातच सांगितलं आहे. आणि इथेच बरेच जण फसतात: ज्याला शासनाच्या मंजुरीशिवाय पदावरून काढता येत नाही, त्यालाच हे कलम लागू होतं. प्रांताधिकाऱ्यांनी नेमलेल्या तलाठ्याला ते सहसा मिळत नाही. न्यायालयाच्या अवमान याचिकेत तर यातलं काहीच कामी येत नाही.

बदली झाली तरी नावावरचा दावा संपत नाही. समन्स जुन्या कार्यालयात पडून राहतं आणि इकडे एकतर्फी हुकूम होतो. पदभार सोडताना चालू दाव्यांची यादी, पुढच्या तारखा आणि आपला नवा पत्ता हस्तांतरण अहवालात लिहा, आणि त्याची एक प्रत जीपींकडे द्या.